चुका मोठ्यानं सांगणारी बाई

आमच्या इन्चार्ज सिस्टरना स्वतःच्या चुका मोठ्यानं सांगायची खोड होती. खोडच म्हणते मी, कारण तेव्हा आम्ही सगळ्या तसंच म्हणायचो. दुपारी दोनला सकाळपाळी संपायची, दुपारपाळीच्या नर्सेस यायच्या आणि कॅज्युअल्टीच्या टेबलाभोवती उभं राहून चार्ज द्यायचा-घ्यायचा. कोणत्या खाटेवर कोण, कुणाला काय औषध दिलं, कुणाची बाटली कधी संपणार, एवढं सांगितलं की बाकीच्या मोकळ्या. सिस्टर मात्र चष्मा काढून पदराला पुसायच्या आणि म्हणायच्या, "आता माझं. तीन नंबरच्या बाबाला सलाईन लावताना सुई दोनदा टोचली. पहिल्यांदा शीर नीट न बघता घाई केली. आन् चार नंबरचं दहाचं इंजेक्शन साडेदहाला दिलं, इसरले व्हते." एवढं बोलून चष्मा परत नाकावर. मग सगळ्यांकडं एकदा बघून विचारायच्या, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

कुणालाच काही सांगायचं नसायचं. कुणी घड्याळाकडं बघायची, कुणी पर्स उचलायची. सिस्टर थोडा वेळ थांबायच्या, मग "बरं" म्हणून रजिस्टर मिटायच्या. हे रोज. रविवारीसुद्धा. मी त्यांच्या हाताखाली होते तेवढी वर्षं त्यांनी तो प्रश्न एकदाही गाळला नाही, आणि आम्हीही एकदाही तोंड उघडलं नाही.

बरं, हे सगळं पेशंटच्या माणसांसमोर! कॅज्युअल्टी म्हणजे काय, सहा खाटांची एक खोली आणि बाहेर व्हरांडा. इथं शिंकलं तर तिथं ऐकू जायचं. एकदा एक म्हातारा हे ऐकून तापानं फणफणलेल्या पोराला खाटेवरून उठवायलाच लागला. "चल बाबा, ही बाई सोताच म्हनायली चुकते म्हून. आपून दुसरीकडं जाऊ." सिस्टरनी त्याला खाली बसवलं, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बाबा, सगळीकडंच चुकतात. सांगत न्हाईत एवढंच." म्हातारा पार गोंधळून गेला. पण थांबला, आणि पोरगं चार दिवसांनी पायानं चालत घरी गेलं.

ही नव्वदीतली गोष्ट. हिंगोली वेगळा जिल्हा व्हायचा होता, मोठे साहेब परभणीहून यायचे. आमचं सरकारी रुग्णालय हमरस्त्याच्या जवळ, त्यामुळं रस्त्यावर काही उलटलं-पालटलं की पहिलं आमच्या दारात. ट्रक, काळी-पिवळी जीप, बैलानं मारलेलं, सापानं चावलेलं, विहिरीत पडलेलं, सगळं आमच्याकडं. गावाचं नाव घेत नाही. घेतलं तर लोक माणसं ओळखत बसतील.

मी तिथं गेले तेव्हा बावीस वर्षांची होते, ट्रेनिंग नुकतंच संपलेलं, नेमणूक तात्पुरती. पहिल्याच दिवशी सिस्टरनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुझ्याकडून आजवर काय काय चुकलं?"

मी ऐटीत म्हणाले, "काही नाही, सिस्टर."

"मंग एक तर तू खोटं बोलायलीस, न्हाईतर तू अजून कामच केलं न्हाईस. हात धू जा."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. हात धुऊन आले तर म्हणाल्या, "कोपरापर्यंत. हे काय, जेवायला बसायली का?" आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी नसायचं. सिस्टर स्वतः सकाळी हापशावरून दोन घागरी भरून आणायच्या, शिपायाची वाट बघायच्या नाहीत. त्या घागरींतलं पाणी फक्त हात धुवायला. एकदा एक गावपुढारी अपघात बघायला पंधरा माणसं घेऊन आत घुसला आणि त्यातल्या एकानं त्या घागरीत गिलास बुडवला. सिस्टरनी घागर उचलली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हरांड्याच्या पायरीवर ओतली आणि पुढाऱ्याला म्हणाल्या, "साहेब, तुमी एकटे थांबा. बाकीच्यांनी हापशावरून दोन घागरी भरून आणा." आणि आणल्या की त्यांनी! इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि हापसा मारून राहिलेत. आम्ही खिडकीतून बघून पोट धरधरून हसलो.

औषधाची बाटली त्या तीनदा वाचायच्या. मोठ्यानं. कपाटातून काढताना एकदा, फोडायच्या आधी एकदा आणि टोचून झाल्यावर रिकामी बाटली टाकायच्या आधी तिसऱ्यांदा. "सिस्टरची पोथी सुरू झाली," असं आम्ही म्हणायचो. मी एकदा विचारलं, "सिस्टर, टोचून झाल्यावर वाचून काय उपयोग? औषध तर आत गेलं."

"काहून न्हाई? चूक असली तर तवाच कळते. पेशंट अजून समोर असतो."

डॉक्टरनं तोंडी सांगितलेली ऑर्डर त्या जशीच्या तशी परत म्हणून दाखवायच्या आणि त्यांनी "बराबर" म्हटल्याशिवाय हलायच्या नाहीत. एक नवे डॉक्टर आले होते, तरणेबांड, घाईचे. ते वैतागले. "सिस्टर, तुम्ही काय पोपट आहात का?" सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "पोपट परवडला साहेब. ऐकलं तेवढंच बोलतो, मनाचं घालत न्हाई. तर पाव बाटली म्हणालात की अर्धी?" डॉक्टर विचारात पडले, आणि मग म्हणाले, "पाव." आधी त्यांनी अर्धी सांगितली होती. मी तिथंच उभी होते.

आणि ती डबी. पांढऱ्या साडीच्या परकराला त्यांनी आतून खिसा शिवून घेतला होता. त्यात साबणाची असते तशी एक लांबट डबी, डबीत एक सिरिंज, एक सुई आणि ॲड्रिनॅलिनची एक बाटली. एखाद्याला औषध उलटलं, अंग सुजून श्वास कोंडला, तर वाचवणारं औषध ते. कपाटात ते असायचंच, पण सिस्टरचं म्हणणं, कपाटाची किल्ली नेमकी तेव्हाच सापडत नाही. अंगाच्या उबेनं औषध खराब होतं म्हणून दर सोमवारी त्या ती बाटली बदलायच्या. "सिस्टरची तंबाखू" म्हणायचो आम्ही त्या डबीला. पानतंबाखूच्या डबीगत चाचपून बघायची सवय होती त्यांना, दिवसातून दहादा.

नातेवाइकांना त्या कामाला लावायच्या. खाटांना कठडे नव्हते, मग एक माणूस खाटेच्या या कडेला, एक त्या कडेला. "तुमी कठडा. हलायचं न्हाई." तिसऱ्याला सांगायच्या, "तुमी बाटलीवाले. थेंब थांबला की मला हाक मारायची. झोपलात तर याद राखा." आणि माणसं ऐकायची. घरी बायकोचं न ऐकणारे बाप्ये तासन्‌तास सलाईनच्या बाटलीकडं टक लावून बसायचे.

एवढं सगळं होतं, पण बाई एकटी होती. अगदी एकटी. क्वार्टरमध्ये कुणी नव्हतं. नवरा होता की वारला की टाकून गेला, कुणाला ठाऊक नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. दिवाळीला, पोळ्याला, संक्रांतीला त्या ड्यूटी मागून घ्यायच्या, म्हणजे बाकीच्यांना घरी जाता यावं. आम्ही जायचो. परत आलो की कुणी म्हणायची नाही, सिस्टर, तुमच्यासाठी करंज्या आणल्यात. खरं सांगू? आम्हाला त्यांची भीती वाटायची, आणि लाजही. चार्ज घेताना त्या "आणखी कुणाला?" म्हणून बघायच्या ना, ते बघणं डब्यातल्या घासापर्यंत पाठ धरायचं. म्हणून ड्यूटीरूममध्ये त्यांना कुणी बोलवायचं नाही. त्या कॅज्युअल्टीच्या मागच्या खिडकीत डबा ठेवून उभ्या-उभ्याच खायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एखादा कांदा.

एके दिवशी माझा डबा घरी विसरला. सिस्टरनी न विचारता अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं केली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम माझा डबा घेऊन त्या खिडकीत गेले. बाकीच्या मला चिडवायच्या, "काय गं, सून झालीस का?" पण मी जात राहिले. दोन-अडीच वर्षं. सिस्टर फारसं बोलायच्या नाहीत, पण मी जाईपर्यंत डबा उघडायच्या नाहीत.

त्या खिडकीत त्यांनी मला एकदाच सांगितलं. मीच विचारलं होतं, चुका अशा सगळ्यांसमोर का सांगता म्हणून. मला वाटलं, काही नवस-बिवस असेल, पाप फेडत असतील.

"पाप-बिप काही न्हाई गं," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढी व्हते. दुसऱ्या गावी. कपाटात दोन औषधं शेजारी-शेजारी ठेवलेली, बाटल्या दिसायला सारख्याच. मी एका म्हाताऱ्याला हे द्यायच्या जागी ते दिलं. त्याला लई तकलीफ झाली, पण वाचला. कुणाला कळलं न्हाई. मी गप बसले. पंधरा दिवसांनी दुसऱ्या पाळीच्या पोरीनं त्याच कपाटातनं तीच बाटली काढली. ते लेकरू व्हतं. सात वर्षांचं. न्हाई वाचलं."

त्यांनी भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"मी त्या दिवशी बोलले असते, तर कुणीतरी त्या बाटल्या वेगवेगळ्या ठेवल्या असत्या. बस, एवढंच हाय ते. मी माझं सांगते. दुसऱ्याचं कधी सांगत न्हाई, ती चहाडी झाली. ज्याचं त्यानं सांगायचं. रिटायर व्हायच्या आधी एकीनं तरी सांगावं, एवढं वाटतं." आणि माझ्याकडं बघून हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला तेव्हाच कळलं होतं, ती एक कोण असावी असं त्यांना वाटतंय ते.

तो दिवस आखाडा बाळापूरच्या बाजाराचा होता. सकाळी दहाच्या सुमारास बाजाराला निघालेला टेम्पो वळणावर उलटला. भाजीची गाठोडी, शेळ्या, माणसं, सगळं एकात एक. आमच्याकडं सतरा जण आणले. डॉक्टर एक, नर्सेस आम्ही तिघी. सिस्टरनी खाटा वाटून दिल्या, मनगटांना नावांच्या चिठ्ठ्या बांधल्या, आणि व्हरांड्यातल्या पाच बायका माझ्याकडं दिल्या. साऱ्या एकाच बंजारा तांड्यावरच्या, फार मोठ्या जखमा नव्हत्या. धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांना दंडात दिलेलं होतं. आता पेनिसिलीन द्यायचं.

पेनिसिलीनच्या आधी टेस्ट घ्यावी लागते. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर औषध कातडीत टोचायचं, भोवती पेनानं गोल काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. गोलात लाल गांध आली, तर ते औषध त्या माणसाला विष. सिस्टर जाता-जाता मला सांगून गेल्या, "चौघींच्या टेस्ट लावल्यात. एकीची राहिली. गोल बघून दे, इचारून देऊ नको."

मी चौघींचे गोल बघितले. चारही साफ होते, औषध दिलं. पाचवी भिंतीला टेकून बसली होती. तिशीची असेल. मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हाताची कातडी दिसत नव्हती. आतून डॉक्टर हाका मारत होते, एक शेळी कुठूनशी व्हरांड्यात चढून ओरडत होती. मी बांगड्या वर सरकवायला हवं होतं. नाही सरकवल्या. विचारलं, "हाताला सुई टोचली ना तुला? टेस्ट झाली ना?"

"व्हय," ती म्हणाली. आणि तिचं काय चुकलं? दंडात धनुर्वाताची सुई टोचलेलीच होती तिला. पांढऱ्या साडीतल्या बाईनं काही विचारलं की आमच्याकडची माणसं "व्हय"च म्हणतात.

चौघींना दिलं म्हणजे टेस्ट राहिलेली हीच, एवढा साधा हिशेब मला सुचला नाही. मी औषध दिलं.

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. ती मान खाजवायला लागली. मग ओठ सुजले, डोळे सुजले, श्वास शिट्टी वाजल्यासारखा यायला लागला. मी नुसती उभी. सिस्टर कुठून आल्या कळलं नाही, पण त्यांचा हात आधीच डबीवर होता. तिला आडवं केलं, बाटली फोडली, तेवढ्यातही नाव मोठ्यानं वाचलं, आणि टोचलं. "पाय वर धर हिचे! सलाईन आण! हल की!" मी हलले. नेमका त्याच वेळी तिचा नवरा पोचला. त्याला काय दिसलं? बायको काळीनिळी पडलेली, आणि तिच्या उरावर वाकलेली एक म्हातारी नर्स, हातात सुई. "काय टोचलं माझ्या बायकोला? मारून टाकलं रांडेनं!" म्हणून त्यानं लाथेनं ट्रे उडवला. सिस्टर मागं न बघता म्हणाल्या, "मालक, शिव्या द्या, पण तिचे पाय वर धरा." आणि तो शिव्या देत-देत बायकोचे पाय धरून उभा राहिला.

ती वाचली. दहा-बारा मिनिटांत श्वास मोकळा झाला.

मग सिस्टरनी तिच्या एका हाताच्या बांगड्या हळूच वर सरकवल्या. मग दुसऱ्या. कुठंच गोल नव्हता. जमिनीवर सांडलेल्या माझ्या ट्रेमधली रिकामी बाटली त्यांनी उचलली, वाचली, आणि माझ्याकडं बघितलं.

चार्ज त्या दिवशी तीन वाजता झाला. आम्ही सगळ्या घामानं चिंब. सिस्टरनी चष्मा पुसला. "आता माझं. दोघांच्या चिठ्ठ्या बांधायच्या राहिल्या. व्हरांड्यात गर्दी व्हती तिथं मी स्वतः थांबायला पायजे व्हतं, थांबले न्हाई." मग विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

त्या दिवशी त्यांनी सगळ्यांकडं नाही बघितलं. माझ्याकडंच बघितलं. आणि रोजच्यापेक्षा खूप जास्त वेळ थांबल्या. मी कापसाचे बोळे करत होते. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. माझी कायमची ऑर्डर निघायची होती, घरी सांगून झालं होतं, घरचे लग्नाचं बघत होते. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं. तेव्हा मी भ्याले. दुसरं काही नाही.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," सिस्टर म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन खिडकीत गेले, तर त्यांचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. त्यानंतर त्या माझ्यासाठी कधी थांबल्या नाहीत.

नवऱ्यानं तक्रार केली. चार-पाच दिवसांनी साहेब चौकशीला वॉर्डातच आले, ती बाई अजून देखरेखीखाली तिथंच होती. साहेबांनी नवऱ्याला विचारलं, त्यानं सिस्टरकडं बोट दाखवलं. "हिच्याच हातात व्हती सुई." साहेबांनी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "तशा अनुभवी आहेत, पण चुका होतात त्यांच्याकडून. रोजच होतात. त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात." बाकीच्या नर्सेसनी माना डोलावल्या. खोटं तरी काय होतं त्यात? अख्ख्या रुग्णालयात चुका फक्त सिस्टरच्याच व्हायच्या, कारण फक्त त्यांच्याच सांगितल्या जायच्या.

साहेबांनी सिस्टरना विचारलं, "तुमच्या हातून झालं का?"

"माझ्या ड्यूटीत झालं. मी इन्चार्ज हाय," सिस्टर म्हणाल्या.

"इंजेक्शन कुणी दिलं?"

"ज्यानं दिलं ते सांगल, साहेब. मी दुसऱ्याचं सांगत न्हाई."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई सटकायला बघतेय. मी दारापाशी उभी होते, चार पावलांवर. सिस्टरनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. तेही खोटंच.

सिस्टरना कॅज्युअल्टीतून काढलं. सुई धरायची नाही, असा हुकूम झाला. मागच्या बाजूला चादरी-उशांची खोली होती, तिथं त्यांना बसवलं. धोब्याकडून आलेल्या चादरी घ्यायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डात द्यायच्या. आणि कॅज्युअल्टीत चार्ज एकदम लवकर संपायला लागला. सगळ्यांना हायसं वाटलं. एकदा दोनच्या सुमारास मी चादरी आणायला गेले, तर आतून सिस्टरचा आवाज आला. धोबी चादरींची बोचकी बांधत होता आणि सिस्टर त्याला सांगत होत्या, "आज दोन चादरी वल्ल्या गेल्या वॉर्डात. मी हात लावून बघितलं न्हाई, माझी चूक." धोबी म्हणाला, "असू द्या बाई." मी दारातूनच परत फिरले. चादरी दुसरीला आणायला लावल्या.

तीन वर्षं त्यांनी चादरींच्या घड्या घातल्या. मग रिटायर झाल्या. शाल, नारळ, पेढा. "अत्यंत शिस्तप्रिय" असं डॉक्टर भाषणात म्हणाले. सिस्टरना बोलायला सांगितलं तर त्या "काही न्हाई" म्हणाल्या आणि बसल्या.

माझी ऑर्डर केव्हाच निघाली होती. पुढं मीच इन्चार्ज झाले. माझ्या कॅज्युअल्टीत बांगड्या वर सरकवल्याशिवाय कुणाला पेनिसिलीन दिलं, तर मी आकाशपाताळ एक करायचे. का, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. नुसता धाक घातला. पोरी माझ्या पाठीमागं काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे.

शेवटी एका रविवारी मी वसमतला गेले. सिस्टर मोंढ्याच्या बाजारामागं एका खोलीत राहत होत्या. हळदीचे दिवस, अख्खी गल्ली हळदीच्या धुरळ्यानं पिवळी. त्या वाळल्या होत्या, पण ओळखलं. "ये. हात धू," म्हणाल्या. चहा ठेवला. मी तिथंच स्टोव्हपाशी बसून सगळं सांगितलं. टेस्ट बघितली नाही, बांगड्या सरकवल्या नाहीत, सुई मी टोचली, आळ तुमच्यावर आला, मी गप्प बसले. बोलताना रडले. मला वाटलं, त्या पाठीवरून हात फिरवतील. निदान शिवी तरी देतील.

त्यांनी चहा गाळला. "हे मला काहून सांगायलीस? मला ठावं हाय. त्या बाईला सांगितलं का?"

"नाही."

"साहेबाला?"

"नाही."

"मंग चहा पी आन् जा. त्या बाईला सांग. तिचा जीव चालला व्हता. माझ्या नुसत्या चादरी."

मी जाते म्हणाले. मग आज जाऊ, उद्या जाऊ करत चौदा महिने गेले. एवढं काय दूर होतं? बसनं अर्धा तास आणि पुढं पायवाट. पण आठवड्याची सुट्टी आली की घरी काहीतरी निघायचंच, आणि नाही निघालं तर मी काढायचे.

शेवटी गेले. उन्हाळा होता. तांड्यावर पुरुष माणसं नव्हतीच, कामावर गेलेली. ती दारात बसून सुपात डाळ निवडत होती. मी ओळख सांगितली तर तिनं लगेच चटई टाकली, पाणी दिलं. शेजारणीशी ती त्यांच्या गोरमाटी बोलीत बोलली, माझ्याशी मराठी, आणि इतकी साफ मराठी की मीच चकित झाले. आमच्याकडं सगळे धरूनच चालायचे, तांड्यावरच्या बायांना आपलं बोलणं कळत नाही.

मी पाणी प्याले आणि एका दमात बोलले. "त्या दिवशी ती चुकीची सुई तुम्हाला मी टोचली. म्हाताऱ्या सिस्टरनी नाही. त्यांनी वाचवलं तुम्हाला."

ती डाळ निवडत राहिली. "ठावं हाय," म्हणाली. "मला शुद्ध व्हती की. तुमी टोचली, तिनं जीव वाचिवला."

मी विचारलं, "मग साहेब आले होते, तेव्हा का नाही सांगितलं?"

"साहेबानं मालकाला इचारलं. डाक्टरला इचारलं. मी तिथंच खाटेवर व्हते. मला कुनी इचारलंच न्हाई. मी मालकाला म्हनले, ती न्हाई. ते म्हनले, तुला काय कळतंय, तू मरायली व्हतीस." तिनं एक खडा उचलून बाहेर फेकला. "ती म्हातारी बाई रोज यायची माझ्याकडं. उशाशी बसायची. मालक तोंडावर शिव्या द्यायचे, तरी यायची. मला लई वाटायचं, तिला दोन शब्द बोलावं. पन मालक समोर. आता मालक न्हाईत, मागल्या साली गेले. आता मला कुनाचं भ्या न्हाई. एकदा घेऊन या तिला. न्हाईतर मी येते तुमच्यासंगं. कुठं असती ती?"

"त्या वारल्या," मी म्हणाले. "चैत्रात. खोलीत एकट्याच होत्या."

तिचे हात थांबले. तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"मंग तुमी आता काहून आल्या?" तिनं विचारलं.